मागच्या चाकांची खबर



मलकापूर, नांदुरा, खामगाव या राष्ट्रीय महामार्ग 53 च्या पट्ट्यात धाब्यापाशी ट्रक थांबला की चालक किंवा क्लीनर लोखंडी कांब घेऊन खाली उतरतो आणि एकेका टायरवर ठोका मारून कान देतो. भरलेला टायर टणक वाजतो, हवा गेलेला बद्द वाजतो. ही परीक्षा टाकाऊ नाही. परंतु 110 पौंडांचा टायर 90 पौंडांवर आला असेल तर तो फरक ठोक्याने कळत नाही. आणि धावत्या गाडीत तर ही परीक्षा घेताच येत नाही.

मोटारीचे पुढचे चाक बसू लागले की चालकाच्या हाताला ते जाणवते. ट्रेलरच्या, ट्रॉलीच्या किंवा लांब ट्रकच्या मागच्या चाकांचे तसे नाही. जोडचाकांत तर एकाची हवा गेली तरी त्याचा भार शेजारचा टायर निमूटपणे उचलतो. गाडी सरळ चालत राहते, आणि दुहेरी भाराने तापलेला दुसरा टायर काही मैलांनी दगा देतो. हवेच्या दाबाचे सेन्सर हवेत ते याचसाठी. प्रत्येक चाकावरील सेन्सर दाब आणि तापमान बिनतारी लहरींनी चालकापुढील पडद्यावर पाठवतो, व दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की घंटा वाजवतो.

बुलढाणा जिल्ह्यात हा विषय समृद्धी महामार्गामुळे अधिक निकडीचा झाला. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. मेहकर, सिंदखेड राजा हा भाग या सिमेंटच्या रस्त्यावर आला. येथे गाडी तासन् तास एकाच वेगाने धावते, आणि टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा येथे खासगी बसला अपघात होऊन ती पेटली व 25 प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याचे प्रथम सांगितले गेले. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र तसा पुरावा आढळला नाही. प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडणे योग्य नाही, आणि सेन्सर लावल्याने चालकाची झोप भरून निघत नाही, हेही या निमित्ताने ध्यानी घ्यावे.

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा मुद्दाम कमी ठेवण्याची रीत गावोगाव आढळते. ती उलटी आहे. तापमान 10 अंश सेल्सियसने वाढले तर 100 पौंडांच्या टायरमधील दाब सुमारे 4 पौंडांनी, 32 पौंडांच्या टायरमधील जेमतेम दीड पौंडाने वाढतो. एवढी वाढ चांगला टायर सहज सोसतो. कमी हवेचा टायर मात्र प्रत्येक फेऱ्यात दबतो, वाकतो आणि आतून तापत जातो. त्याच्या नाशाचे मूळ या उष्णतेत असते. म्हणून गाडी थंड असताना निर्मात्याने सांगितलेला दाब भरावा, आणि प्रवासात तो वाढलेला दिसला तरी हवा सोडू नये.

निवड करताना प्रथम पाहावे ती मोजण्याची कक्षा. मोटारींसाठी केलेला सेन्सर ट्रकच्या दाबाला पुरेलच असे नाही. दुसरे अंतर. लांब ट्रेलरच्या शेवटच्या आसापासून केबिनपर्यंत लहरी पोचत नसतील तर मध्ये लहरी पुढे पाठवणारे यंत्र बसवावे लागते, आणि दरपत्रकात ते पुष्कळदा वगळलेले असते. व्हॉल्व्हवर टोपीप्रमाणे बसणारा सेन्सर स्वस्त असतो, गावातही लावता येतो व त्याचा सेल बदलता येतो. पण त्याचे वजन रबरी व्हॉल्व्ह झुकवते, म्हणून धातूचाच व्हॉल्व्ह हवा. जोडचाकांतील आतल्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचतो की नाही, हेही आधी पाहून घ्यावे. टायरच्या आत बसणारा सेन्सर चोरीला जात नाही. मात्र सेल संपला की टायर उतरवून बहुधा पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. पंक्चर काढणाऱ्याला त्याची कल्पना दिली नाही तर पहिल्याच पहारीला तो मोडतो.

अमेरिकेत फोर्ड व फायरस्टोन यांच्या टायरप्रकरणानंतर 2000 साली कायदा झाला आणि पुढे नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली. युरोपीय संघाने जुलै 2024 पासून नव्या ट्रेलरांनाही ती लावली. भारतात 2020 च्या नियमदुरुस्तीने, साडेतीन टनांपर्यंतच्या छोट्या प्रवासी मोटारीत अशी व्यवस्था व टायर दुरुस्तीचा संच असेल तर जादा चाक न ठेवण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्राने 2021 मध्ये कारवाँ पर्यटनाचे धोरण स्वीकारले. लोणारकडे येणाऱ्या अशा निवासी गाड्यांचा भार कायम मागच्या चाकांवर असतो, तेव्हा त्यांच्या मालकांनी हा खर्च टाळू नये.

ग्रामपंचायतीच्या किंवा शेतकऱ्याच्या ट्रॉलीला मात्र याची गरज फारशी नाही. शेत ते बाजार समिती एवढाच संथ प्रवास असेल तर दाब मोजण्याचे साधे हातयंत्र पुरते. पैसा मर्यादित असेल तर तो आधी शाळेच्या बसला, रुग्णवाहिकेला आणि पाण्याच्या टँकरला लागावा. सेन्सर बसवल्यावरही महिन्यातून एकदा हातयंत्राने पडद्यावरचा आकडा पडताळून घ्यावा, आणि टायरची नक्षी 1.6 मिलीमीटरपेक्षा झिजली असेल तर सेन्सरच्या दरपत्रकाआधी नव्या टायरचे दरपत्रक मागवावे.