कोर्लईची ‘आपली भाषा’

नाशिकहून बोलतोय. हेडफोन लावलेत ना? मग सांगा, लासलगावला रोज सकाळी कांद्याचा काय होतो? लिलाव. हा शब्द पोर्तुगीज आहे. मिसळीबरोबरचा पाव पोर्तुगीज. बटाटा, कोबी, चावी, साबण, बांधकामावरचं घमेलं, सगळे तिकडूनच आले. आणि महिन्याच्या शेवटी ज्याची वाट बघतो तो पगारसुद्धा!

आता रोनाल्डो पोर्तुगालचा आणि नेमार ब्राझीलचा, पण दोघांची भाषा एकच. जगात पोर्तुगीज बोलणारे 25 कोटींच्या आसपास, त्यातले 20 कोटींहून जास्त एकट्या ब्राझीलमध्ये. खुद्द पोर्तुगालची लोकसंख्या जेमतेम 1 कोटी. आफ्रिकेत अंगोला, मोझांबिक. भारतात म्हटलं की आपण लगेच गोवा म्हणतो. पण मला आज तुम्हाला रायगड जिल्ह्यात न्यायचंय.

अलिबागहून मुरूडकडे जाताना रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई लागतं. ट्रेकवाले किल्ला बघतात, फोटो काढतात, निघतात. त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी एक ख्रिस्ती वस्ती आहे आणि तिथल्या घरांमध्ये पोर्तुगीजपासून घडलेली एक वेगळी बोली बोलतात. बोलणारे हजाराच्या आत-बाहेर. ते तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’.

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, हे शाळेत शिकलोय. त्यानंतर 1740 मध्ये पोर्तुगीजांनी चौल-कोर्लईसुद्धा सोडलं. सत्ता गेली, सैन्य गेलं, भाषा मात्र गावात राहिली. कशी? धर्म वेगळा, म्हणून आजूबाजूच्या हिंदू गावांशी सोयरीक नाही. बाकीचे ख्रिस्ती लांब. मग लग्नं आपसात, गप्पा आपसात. वसई-मुंबईकडेही अशी बोली होती, ती पुसली गेली. कोर्लईची टिकली.

टिकली म्हणजे जशीच्या तशी नाही हं. लिस्बनचा माणूस ‘मी खातो भात’ अशा क्रमाने बोलतो. कोर्लईत शब्द पोर्तुगीज वळणाचे, पण क्रियापद बरेचदा शेवटी, आपल्या ‘मी भात खातो’सारखं. शेजारी मराठी, तिचा सांगाडा आत शिरला. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या बोलीवर अख्खं पुस्तक लिहिलं, 1996 मध्ये. आणि आपण रायगडच्या ट्रिपा करूनही नाव ऐकलेलं नसतं!

आता खरी गोष्ट. आपण सारखं म्हणतो, इंग्रजी मराठीला खातेय. कोर्लईत ती इंग्रजीची जागा मराठीची आहे. शाळा मराठीत, चर्चमधली प्रार्थना मराठीत, बाजार मराठीत. पोर शाळेत मागे पडू नये म्हणून आईबाप घरीही मराठी बोलायला लागतात. यात कुणी व्हिलन नाहीये. आपण मुलाला इंग्रजी मीडियममध्ये घालताना जो हिशेब करतो, तोच हिशेब आहे. फक्त या वेळी जड पारड्यात आपण बसलोय, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

त्यातून ही बोली लिहायची परंपरा नाही. जुनी माणसं गेली की त्यांची गाणी, शिव्या, माशांची नावं, सगळं जातं. शिव्या मुद्दाम म्हणालो. भाषा जिवंत आहे का ते तिथेच कळतं.

हे फक्त कोर्लईचंच आहे असं नाही. आपल्याच जिल्ह्यात सटाणा-कळवणकडची पोरं नाशिकला कॉलेजात आली की पहिल्या महिन्यात अहिराणी गिळतात. रूममेट हसतो ना. घरून फोन आला की गॅलरीत जाऊन बोलतात.

तर तुमच्यापैकी जो कुणी गॅलरीत जाऊन बोलतो, त्याने या आठवड्यात आजीचा एक मिनिटाचा व्हॉइस नोट पाठवा. अर्थ सांगू नका, नुसता आवाज. पुढच्या भागात आपण तो ऐकवू.