पाठांतर : म्हातारपणाची शिदोरी
(शताब्दी सप्ताहात उमरी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विणेकरी, टाळकरी, मृदंगी, तुळशी घेऊन चालणाऱ्या मायबहिणी आणि समस्त मायबाप हो,

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळींनी सांगितलं, म्हातारपणी ध्यान कसं शाबूत राहावं यावर चार शब्द बोला. आमची शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण शेतात अन् दिंडीत झालं. तिथं जे पाहिलं तेच सांगतो.

नोकरदार रिटायर होतो तेव्हा त्याला हार घालतात. शेतकऱ्याला कोण हार घालतो? एक दिवस पोरगं म्हणतं, "बापू, तुम्ही बसा आता, मी बघतो." तेव्हापासून सोयाबीन कधी पेरायचं, हळद कधी काढायची, कुणाचं किती देणं, सगळा हिशेब पोराकडं जातो. ज्याचं काम पडत नाही ते ध्यानातून उतरतं. वखर वळचणीला पडून राहिला तर पास गंजतीच.

मग म्हातारा पारावर बसतो. एखाद्या दिवशी भजनात चरण विसरतो, कुणीतरी हसतं, अन् दुसऱ्या दिवसापासून तो देवळात येतच नाही. "आता काही ध्यानात राहीना," म्हणून घरी बसतो. घरी बसला की आणखी विसरतो. आम्हाला आज बोलायचं आहे ते या घरी बसण्याबद्दल.

आपला संप्रदाय पाठांतरावर उभा आहे. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. आजही तिथं पोरं चार वर्षं राहून पाठ करतात. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या वर, अन् त्या मुखोद्गत असणारी माणसं आपण पाहतो. अक्षरओळख नसलेल्या आपल्या आया-आज्यांनी जात्यावर किती ओव्या जपल्या, त्याची तर गणतीच नाही. हात चालत होता, चाल चालत होती, त्यामुळं शब्द ठरत होते.

कुणी म्हणेल, ते तरुणपणी होतं, आता काय नवं शिरणार डोक्यात? त्यांनी आपल्याच तालुक्यातलं गोरटे आठवावं. तिथं ज्यांच्या नावाचं प्रतिष्ठान आहे त्या दासगणू महाराजांचा जन्म १८६८ सालचा. आधी पोलिसात नोकरी, पुढं जन्मभर कीर्तन. शेगावच्या गजानन महाराजांचा एकवीस अध्यायांचा ग्रंथ त्यांनी रचला १९३९ साली, म्हणजे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. १९६२ पर्यंत ते होते. आपल्याला ग्रंथ रचायचा नाही. पंधरा दिवसांत एक अभंग नवा पाठ करायचा, या एकादशीला धरायचा, पुढच्या एकादशीला पुस्तक न उघडता म्हणायचा. जुनं घोकत राहणं चांगलं, पण नव्यानं डोक्याला काम पडतं. अर्थ धरून पाठ करा. नुसते शब्द धरले तर एक सुटला की पुढचे सगळे सुटतात.

दुसरं, वार अन् तिथी सोडू नका. रिकाम्या माणसाला सोमवार काय, गुरुवार काय, सारखेच. आपल्याकडं वाराचे अभंग आहेत, एकादशी आहे, पेरणीची नक्षत्रं आहेत. सकाळी उठून वार, तिथी, नक्षत्र मनात म्हणावं. डॉक्टरसुद्धा म्हाताऱ्या माणसाचं ध्यान तपासताना पहिलं हेच विचारतात, आज वार कोणता?

तिसरं, दवाखाना. सगळं विसरणं वयाचं नसतं. कानाला कमी येत असलं तर मुळात ऐकलेलंच नसतं. साखर, रक्तदाब, थायरॉईड, झोपेच्या गोळ्या यांनीही ध्यान मंदावतं. आपण माळकरी. मांस-मासा खात नाही. बी-१२ नावाचं जीवनसत्त्व आपल्याला दुधा-दह्यातूनच मिळतं, अन् आपण दूध डेअरीला घालून कोरा चहा पितो. रक्त तपासून घ्या. कमी निघालं तर त्याला औषध आहे. अन् नेहमीच्या वाटेवर माणूस घर चुकायला लागला, पैशाचा व्यवहार कळेना झाला, तर तो आजार आहे. त्याला भक्तीत खोट म्हणू नका, चेष्टा करू नका, डॉक्टरकडं न्या. घरच्यांची नावं विसरलेला माणूस हरिपाठ सुरू झाला की सूर धरतो, हे आम्ही डोळ्यानं पाहिलं आहे. लहानपणी चालीत बसलेलं लवकर जात नाही. तेवढ्यापुरता का होईना, तो आपल्यात असतो.

आता शेवटचं, अन् हेच मुख्य. पाठ टिकतो तो दुसऱ्याला दिल्यानं. शिकवायचं म्हटलं की आपल्याला रोज उजळणी करावी लागते. पोरं आजकाल मोबाईलात बघून अभंग म्हणायलेत. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, शब्द तिथं मिळतात. पण आपल्या दिंडीच्या जुन्या चाली कुठल्या पुस्तकात नाहीत. कुठं धृपद उचलायचं, कुठं टाळ थांबवायचा, हे दोन-चार म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहे. ते घरी बसले तर ती चाल त्यांच्याबरोबर गेली म्हणून समजा. म्हणून या शताब्दीला एवढं करावं. प्रत्येक जुन्या टाळकऱ्यानं एक पोरगा किंवा पोरगी धरावी, रोज हरिपाठानंतर अर्धा तास बसावं. पोरांनी त्याच मोबाईलात म्हाताऱ्याचा आवाज भरून ठेवावा.

आणि चरण विसरलं तर लाजायचं काय? दिंडीत एकाचं अडलं की मागचा उचलतो, म्हणून तर आपण ओळीनं उभे राहतो. आपल्या गावात कोण कोण भजनाला यायचं बंद झालं, ते प्रत्येकानं आज आठवावं. उद्या काकड्याच्या आधी त्याच्या दारात जाऊन हाक मारावी, हाताला धरून आणावं, त्याच्या हातात टाळ द्यावा.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!