दोन थरांची काच
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



बांगडी भरताना काचेवर किती भार द्यावा, हे आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या बोटांना न सांगता कळत असे. अशा सभेपुढे काचेविषयी बोलावयाचे म्हणजे संकोच वाटणारच. तथापि आज माझा विषय बांगडी नसून, एकावर एक थर देऊन फुंकलेली व मग कोरलेली शोभेची काच हा आहे.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये 'पोर्टलंड व्हास' या नावाचे एक रोमन पात्र आहे. उंची जेमतेम २५ सेंटिमीटर. वय सुमारे दोन हजार वर्षे. गर्द निळ्या अंगावर शुभ्र मनुष्याकृती आहेत. पण हा शुभ्र रंग वरून दिलेला नव्हे. बहुतेक जाणकारांच्या मते, फुंकनळीच्या टोकाशी असलेला निळ्या काचेचा तप्त गोळा पांढऱ्या रसात बुडवून दोन्ही थर एकत्र फुंकले गेले आणि पात्र निवल्यावर नको तेथील पांढरा थर कोरून काढला गेला. जेथे तो विरळ ठेवला, तेथे खालची निळाई झिरपून वस्त्राची चुणी आपोआप उमटते.

आपल्या घरांत बांगडी 'वाढवली' म्हणतात, फुटली म्हणत नाहीत. या पात्राविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. १८४५ च्या फेब्रुवारीत एका तरुणाने जवळचा शिल्पखंड फेकून त्याचे दोनशेहून अधिक तुकडे केले. कायद्यातील एका मर्यादेमुळे त्याला शिक्षा झाली ती पात्राबद्दल नव्हे, तर त्याभोवतालची काचेची पेटी फोडल्याबद्दल! तुकडे त्याच वर्षी सांधले गेले. पुढे १९४८-४९ व १९८८-८९ मध्ये ते पुन्हा उकलून जोडावे लागले.

कोरणाऱ्याचे कौतुक सारेच करतात. मला फुंकणाऱ्याविषयी बोलावयाचे आहे, कारण खरी मेख तेथेच आहे. काच निवताना आकसते, आणि ती किती आकसावी हे तिच्या घटकद्रव्यांवर अवलंबून असते. एक थर अधिक व दुसरा कमी आकसला, तर दोहोंत ओढाताण राहून जाते. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही. पात्र धडधाकट वाटते, आणि मग केव्हातरी कोरणाऱ्याच्या हातातच तडकते.

इंग्लंडातील स्टूरब्रिज परिसरातल्या जॉन नॉर्थवूड या कारागिराला हा अनुभव आला. त्याने १८७३ साली या पात्राची काचेतच प्रतिकृती करावयास घेतली. फिलिप पार्जिटर यांच्या रेड हाउस कारखान्यात डॅनियल हॅनकॉक्स याने दुहेरी थराचे पात्र फुंकून दिले. असे किती नग आधी वाया गेले असतील, याची कल्पनाच करावी. नॉर्थवूड लहान लहान पोलादी हत्यारांनी तीन वर्षे कोरीत बसला, आणि काम संपत आले असता पात्राला तडा गेला. तीन वर्षे, बंधूंनो! त्याने ते सांधले आणि १८७६ साली काम पुरे केले. यानंतर त्या परिसरात थरांच्या कोरीव काचेला असा बहर आला की जॉर्ज वुडॉलसारखे कलावंत तेथे नावारूपास आले.

मूळ रोमन पात्र कोणी फुंकले, हे कोणासही ठाऊक नाही. हॅनकॉक्सचे नाव मात्र टिकले आहे; म्हणून आज ते आपल्यापुढे मुद्दाम उच्चारले.