जुना ट्रॅक्टर अडला तर आधी काय बघाल?

(शेतीविषयक कार्यक्रमातून दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पाऊस उघडला आहे, रानाला वापसा आला आहे, बियाणं घरात येऊन पडलं आहे, आणि नेमका त्याच सकाळी ट्रॅक्टर चालू होत नाही. असं झालं की माणसाच्या पोटात गोळा येतो. रब्बी ज्वारीची पेर ओलीवर असते आणि ओल कुणासाठी थांबत नाही. दोन दिवस यंत्र उभं राहिलं तर नुसता मेस्त्रीचा खर्च होत नाही, पेर मागं पडते आणि खळ्यावर त्याचा हिशेब कळतो.

आपल्यापैकी पुष्कळ जण दुसऱ्याच्या हातचा, जुना ट्रॅक्टर घेतात. त्यात कमीपणा काही नाही. जुनं यंत्र वाईट नसतं. पण आधीच्या मालकानं त्याची निगा कशी ठेवली, कुठली वायर कुठं जोडली, हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून आज एकच गोष्ट सांगणार आहे. बिघाड शोधायला स्वस्त आणि सोप्या जागेपासून सुरुवात करा. महागाच्या जागेला हात शेवटी लावा.

हे मी पदरमोड करून शिकलो आहे. जुना ट्रॅक्टर घेतला त्याच वर्षीची गोष्ट. पेरणीला जुंपला की अर्धा-पाऊण तास चांगला चालायचा, मग दम टाकल्यासारखा करून बंद पडायचा. पंधरा-वीस मिनिटं उभा केला की पुन्हा चालू. मेस्त्री बोलावला. त्यानं डिझेल पंपावर बोट ठेवलं. पंप उतरवला, तालुक्याला नेला, दुरुस्त करून आणला. चार दिवस गेले, पैसा गेला. पंप बसवला, तर पुन्हा अर्ध्या तासानं तेच! शेवटी शेजारच्या वस्तीवरचे एक म्हातारे ड्रायव्हर आले. त्यांनी डिझेल टाकीचं झाकण नुसतं सैल केलं, तर ‘फुस्स’ करून हवा आत गेली. टाकीच्या झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं, ते चिखलानं बुजलं होतं. डिझेल खाली जाईल तशी टाकीत वरून हवा शिरली पाहिजे. नाही शिरली तर डिझेल खाली यायचं बंद होतं. एका तारेनं काम झालं. पण तोवर वरची ओल गेली होती आणि त्या तुकड्यात ज्वारी विरळच उगवली.

हात लावण्याआधी

गिअर न्यूट्रल करा. हँडब्रेक ओढा. चाकामागं-पुढं दगड लावा. औजार जमिनीवर टेकवा. पीटीओ सोडवा. इंजिन बंद ठेवून काम करायचं असेल तेव्हा किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. सेल्फ लागत नाही म्हणून काही जण जमिनीवर उभे राहून सेल्फच्या दोन टोकांना स्क्रू-ड्रायव्हर लावतात. ट्रॅक्टर चुकून गिअरमध्ये असला तर इंजिन सुरू होताच तो पुढं सरकतो, आणि माणूस नेमका मोठ्या चाकापुढं उभा असतो. अशानं माणसं चिरडून मेली आहेत. क्लच दाबल्याशिवाय किंवा न्यूट्रल असल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून अनेक ट्रॅक्टरांना स्विच दिलेला असतो. जुन्या ट्रॅक्टरवर तो वायर जोडून बाद केलेला असतो. तुमचा तसा असेल तर तो आधी नीट करून घ्या. सेल्फ नेहमी सीटवर बसूनच मारा.

सेल्फ फिरतच नाही

पुढचे दिवे लावा आणि सेल्फ मारा. दुसऱ्याला दिव्याकडं बघायला सांगा.

दिवा एकदम मंद झाला किंवा विझला, आणि सेल्फनं नुसतं टक्-टक् केलं, तर बॅटरी उतरली आहे किंवा जोड सैल आहे. दिवा तसाच लख्ख राहिला आणि सेल्फ गप्प बसला, तर बॅटरी ठीक आहे. किल्लीचा स्विच, सेफ्टी स्विच किंवा सेल्फकडं जाणारी बारीक वायर बघा.

बॅटरी बदलायची घाई करू नका. तिच्या टोकांवर पांढरा-हिरवट थर साचतो, तो वीज अडवतो. आधी अर्थची वायर सोडवा, मग दुसरी. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून टोकं धुवा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. टोकं खरवडून चकचकीत करा, नट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. जोडताना अर्थची वायर शेवटी. अर्थची वायर चासीला जिथं बसते, ती जागा हमखास विसरली जाते. तिथं गंज किंवा रंग असला तर नवी बॅटरीसुद्धा काम देणार नाही.

पाण्याची बॅटरी असेल तर पट्ट्यांच्या वर १० ते १२ मिलिमीटर पाणी हवं. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं नको आणि ॲसिड तर नकोच. बॅटरीजवळ विडी-काडी पेटवू नका. तिच्यातून निघणारा वायू भडका घेतो.

विजेचा मीटर गावात कुणाकडं तरी असतोच. ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना १२ व्होल्टची भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली आली तर ती उतरली समजा. इंजिन जरा रेस करून मोजलं तर साधारण १४ च्या आसपास आकडा आला पाहिजे. आला नाही तर चार्जिंग होत नाही. तेव्हा आधी पंख्याचा पट्टा बघा. पट्टा सैल असेल तर डायनामो किंवा अल्टरनेटर नीट फिरत नाही.

रात्रीत बॅटरी आपोआप उतरत असेल तर वीज कुठंतरी गळते आहे. किल्ली बंद करा, अर्थची वायर सोडवा आणि वायर व बॅटरीचं टोक यांच्यामध्ये १२ व्होल्टचा लहान बल्ब जोडा. बल्ब पेटला तर गळती आहे. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या वायरीवर दोष. बहुधा वायर पत्र्याला घासून सोललेली सापडते. फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी किंवा जाड तार घालू नका. फ्यूज वाचेल, ट्रॅक्टर जळेल.

सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही

इथं दोष बहुतेक डिझेलच्या वाटेत असतो. या क्रमानं बघा:

१. इंजिन बंद करायची दांडी पूर्ण आत गेली आहे का? हसू नका, इथं भलेभले फसतात.

२. टाकीत डिझेल आहे का? कॉक उघडा आहे का? झाकणाचं भोक मोकळं आहे का?

३. फिल्टरच्या खालच्या वाटीत पाणी साचलं आहे का? असेल तर ते सोडून द्या.

४. ट्रॅक्टरनं ‘एअर घेतली’ आहे का? टाकी कोरडी झाली, फिल्टर बदलला किंवा वायसर चेपला की पाइपात हवा शिरते.

हवा काढायची ती अशी. पहिल्या फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा आणि हातपंप मारत राहा. आधी बुडबुडे येतील. नुसतं डिझेल यायला लागलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग डिझेल पंपावरचा स्क्रू. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ जळतो. दोन दिवसांनी पुन्हा हवा धरली तर पाइपाचा जोड ओढून हवा घेतो आहे. तांब्याचे वायसर बदला.

नॉझलच्या बारीक पाइपातलं डिझेल फार जोरात येतं, कातडी फोडून आत जातं. गळती हातानं चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. आणि ज्या नव्या ट्रॅक्टरांना इलेक्ट्रॉनिक कॉमन रेल आहे, त्यांचे पाइप घरी मुळीच सैल करू नका.

धूर काय सांगतो

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. आधी एअर क्लीनर उघडा. तेलाचा असेल तर वाटीतला गाळ काढा, खुणेपर्यंत स्वच्छ ऑईल भरा. धुळीच्या दिवसांत हे वरचेवर करावं लागतं. एवढ्यानं भागलं नाही तर नॉझल तपासून घ्या.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतं आहे. रिंगा झिजल्याची शंका घ्या.

थंडीत सुरू करताना थोडा पांढरा धूर चालतो. इंजिन तापल्यावरही तो राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेडचं पॅकिंग गेलं असावं.

इंजिन तापत असेल तर रेडिएटरच्या जाळीतला भुसा काढा, पट्टा बघा, पाणी बघा. मात्र तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

मेस्त्री कधी बोलवायचा

सगळं घरी होत नाही, बरं का. ऑईलचा लाल दिवा चालू इंजिनावर पेटला, इंजिनातून ठोका येऊ लागला, ऑईल दुधासारखं पांढरट झालं, किंवा दोन्ही ब्रेक सारखे धरत नसतील, तर तिथंच थांबा. आणखी एक तास म्हणून रेटलं तर दुरुस्तीचं बिल कितीतरी वाढतं. ब्रेक एकाच बाजूला धरत असतील तर ट्रॅक्टर रस्त्यावर काढूच नका.

मेस्त्रीला मात्र नीट माहिती द्या. बंद कधी पडतो? थंड असताना की तापल्यावर? किती वेळानं? धूर कसला? माझ्या ट्रॅक्टरचा ‘अर्ध्या तासानं बंद, वीस मिनिटांनी चालू’ हाच सगळा पुरावा होता. तो मी सांगितला नाही, त्यानं विचारला नाही, आणि पंप फुकट उतरला.

घेण्याआधी दोन शब्द

जुना ट्रॅक्टर बघायला जाल तेव्हा मालकाला सांगा, इंजिन आधी तापवून ठेवू नका. बोनेटला हात लावा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. थंड इंजिन कसं धरतं, यावरून निम्मं कळतं. इंजिन आणि चासी नंबर आरसी बुकाशी जुळवा. बुकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका.

घेतल्यावर एक वही करा. ऑईल, फिल्टर कोणत्या तारखेला बदलले, काय बिघडलं, कशानं दुरुस्त झालं, ते लिहा. आणि पेरणीआधी पंधरा दिवस ट्रॅक्टर बाहेर काढून तासभर राबवा. जे बिघडायचं ते तेव्हाच बिघडू द्या. वापसा आल्यावर नको.

मंडळी, आज घरी गेल्यावर एवढं करा. टाकीचं झाकण हातात घ्या आणि त्याचं भोक मोकळं आहे का, बघा.

राम राम.