वृक्षांचे रोग : घरचे आणि परके



आळेफाटा येथे पुणे-नाशिक मार्ग आणि कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा मार्ग एकमेकांस छेदतात. या मार्गांनी लाकूड व रोपे यांची ने-आण होते, आणि त्यांच्याबरोबर डोळ्यांस न दिसणारा रोगही प्रवास करू शकतो.

वृक्षांचे काही रोग इथल्याच मातीतले असतात. पावसाळ्यात बाभळीच्या वा खैराच्या बुंध्याशी तांबूस, कठीण छत्र उगवलेले आढळते. ते गॅनोडर्मा जातीच्या बुरशीचे असते. आत ती मुळे कुजवीत असते. अशा रोगाने झाडे मरतात, परंतु सबंध रान सहसा उजाड होत नाही. कारण दोघांचा सहवास फार जुना आहे.

परक्या रोगाची गोष्ट निराळी. 1904 साली न्यूयॉर्क येथील प्राणिसंग्रहालयात चेस्टनट वृक्षांच्या सालीवर एक बुरशी आढळली. ती आशियातून आणलेल्या रोपांबरोबर गेली होती. आशियातील चेस्टनट तिला तोंड देऊ शकत. अमेरिकेतील वृक्षांना ती अपरिचित होती. अर्धशतकात तेथील अब्जावधी वृक्ष नष्ट झाले.

एका प्रदेशातील रोग आपल्याच देशातील दुसऱ्या प्रदेशासही परका ठरू शकतो. 1899 साली कुर्गमध्ये चंदनाच्या ‘स्पाइक’ रोगाची नोंद झाली. त्यात पाने बारीक व ताठ होतात, फळधारणा थांबते आणि काही वर्षांत झाड वाळते. त्याचे कारण असलेले सूक्ष्मजीव 1969 मध्ये दृष्टीस पडले. रस शोषणारे कीटक त्यांचा प्रसार करतात. खात्रीचा उपाय अद्याप नाही. आज महाराष्ट्रातही शेतांतून चंदन लावले जाते. म्हणून रोगग्रस्त भागातील रोपे आणणे धोक्याचे आहे.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील हिरड्याचे रान अनेक कुटुंबांस मिळकत देते. त्याच्या रक्षणास शाळा हातभार लावू शकते. रोप घेताना ते कोठून आले, हे विचारावे. झाडास खिळे ठोकू नयेत, बुंध्यावर कुऱ्हाड चालवू नये. जखमेतूनच पुष्कळदा बुरशी शिरते. विद्यार्थ्यांनी परिसरातील दहा वृक्ष निवडून पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस त्यांची नोंद ठेवावी. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, तो रोग नव्हे; परंतु भर पावसात शेंडा वाळू लागला, तर वनरक्षकास कळवावे.

नित्य पाहणाऱ्यासच बदल प्रथम जाणवतो. ही नजर मुलांना लाभली, तर गावच्या वृक्षांस जागते राखणदार मिळतील.