पंगतीची कसोटी

एखाद्या सत्संगात, भजनी मंडळात किंवा संप्रदायात माणूस नव्याने जातो आणि आपण इथले नाही असं त्याला वाटू लागतं, तेव्हा त्याला ठरलेला उपदेश मिळतो. अहंकार सोड, मन मोठं कर, नामात रमलास की सगळं आपोआप विरेल. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण दोष त्या माणसाच्या मनात आहे, हे त्याने धरूनच चाललेलं असतं. माझं म्हणणं याच्या उलट आहे. परकेपणाची ही जाणीव पुष्कळदा खरी असते, समूहाच्या रोजच्या वागण्यातून आलेली असते. ती घालवायची तर आधी ते वागणं बदलावं लागतं. मन मागाहून येतं. हे तपासायला मी वारकरी संप्रदाय घेतो, कारण माणसाला आत घेण्याची इतकी सोपी रीत क्वचितच सापडेल. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी आणि वारी. वाटेत भेटेल तो माउली, आणि लहानथोर न बघता दोघांनीही एकमेकांच्या पाया पडायचं. इतकं असूनही परकेपण उरलं असेल, तर ते नेमकं कुठे उरलं हे पाहण्यासारखं आहे.

अस्पृश्य मानलेल्या जातीतले संत चोखामेळा, म्हणजे चोखोबा, यांचं उदाहरण आपण नेहमी देतो, पण अर्धंच देतो. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि ते गेले. ते साल १३३८ मानतात. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुराला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी परंपरा आहे. इथवर आपण अभिमानाने सांगतो. पुढचं असं, की पुढची शतकानुशतकं अस्पृश्य वारकऱ्यांचं दर्शन त्या समाधीपाशीच संपायचं. कित्येक कोस चालत यायचं, टाळ कुटायचे, आणि देव चार पावलांवर असताना मागे फिरायचं. चोखोबांच्याच घरात सोयराबाई, निर्मळा, बंका अशी अभंग रचणारी माणसं झाली. मुलगा कर्ममेळा तर उष्ट्यावर जगावं लागल्याचा जाब थेट देवालाच विचारतो. भक्तीत हा मुलगा कमी पडला, असं म्हणायला कोण धजेल?

यावर आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. या संतांना भक्तीत खरोखर आनंद मिळाला. मग बाहेरच्या व्यवहाराला एवढं महत्त्व कशाला? आनंद मिळाला हे मला मान्य आहे, त्यांचे अभंगच त्याची साक्ष देतात. पण त्याच अभंगांत दुखणंही आहे, आणि एकाने दुसरं फिटलेलं नाही. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख या जागी फार उपयोगी पडतो. त्या ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे दिवसभर एकत्र चालत आणि गात, मुक्कामाला पोचल्यावर मात्र चुली वेगळ्या आणि पंगती वेगळ्या. बाईंना ते सलत राहिलं. लक्षात घ्या, ही पाहणारी बाई दुखावलेली नवखी नव्हती. समाजाची रचना हाच तिच्या अभ्यासाचा विषय होता. गाताना एक असणं सोपं असतं, कारण त्याने कुणाचं काही जात नाही. भाकरी कुणाच्या हातची खायची, रात्री कुठे टेकायचं, वीणा कुणाच्या गळ्यात द्यायची, खरी परीक्षा तिथे होते.

गाडगेबाबांनी हे ओळखलं होतं. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. प्रवचनांना तोटा नव्हता; कमी होतं ते छप्पर. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजी विठ्ठल मंदिरप्रवेशासाठी उपोषणाला बसले तेही पंढरपुरातच, वारकरी संप्रदायातल्याच तनपुरे महाराजांच्या मठात. गुरुजींचं नाव सर्वांच्या तोंडी आहे, मठाचं कमी घेतलं जातं. माझ्या मते ते जास्त घ्यायला हवं, कारण बाहेर राहिलेल्याला एकट्याने आत येता येत नाही. आतल्या कुणीतरी आपल्या लोकांचा रोष पत्करून जागा करून द्यावी लागते. दार उघडलं, तरी पूजेचा अधिकार बराच काळ ठरावीक घराण्यांकडेच होता. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मंदिर समितीने ब्राह्मणेतरांकडून आणि स्त्रियांकडूनही पुजारीपदासाठी अर्ज मागवले, तेव्हा त्यालाही वाट फुटली.

अर्थात प्रत्येक अवघडलेपणामागे अन्याय नसतो. हरिपाठ पाठ नाही, टाळ कुठल्या मात्रेवर पडतो ते कळत नाही, म्हणून नवखा बिचकतो. हे दोन वाऱ्यांत जातं, आणि तिथे धीर धर म्हणणं योग्यच आहे. फरक ओळखणं अवघड नाही: जे शिकून जातं ते नवखेपण. जे वीस वर्षं शिकूनही जात नाही, त्यासाठी शिकणाऱ्याला बोल लावता येत नाही.

शेवटचा आक्षेप निघून जाणाऱ्यांबद्दल असतो. जे सोडून गेले, त्यांची श्रद्धाच कच्ची होती, असं म्हटलं जातं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्याला आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि १९५६ साली नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला. या दोहोंच्या मध्ये, १९४८ साली, अस्पृश्यतेच्या उगमावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. तो त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघा संतांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. चोखोबांविषयी त्यांच्या मनात अढी नव्हती. चोखोबांना ज्या जागी थांबवलं, त्या जागी आणखी थांबायला त्यांनी नकार दिला. चोखोबांच्या मृत्यूपासून मंदिराचं दार उघडेपर्यंत सहाशेहून अधिक वर्षं गेली होती. थोडं थांबायला हवं होतं, असं त्यांना सांगण्याचा अधिकार दार धरून बसलेल्यांना तरी पोचत नाही.