शेपटीचे डबे



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने सिनेमावर काय बोलावे, असे कोणास वाटेल. पण हा चित्रपट माझ्याच धंद्यातला आहे. नाव ‘स्नोपियर्सर’, साल २०१३, दिग्दर्शक दक्षिण कोरियाचे बाँग जून-हो. मूळ चित्रकथा फ्रेंच. ती झाक लोब यांनी लिहिली, झाँ-मार्क रोशेत यांनी रेखाटली आणि १९८२ पासून मासिकात क्रमशः आली.

चित्रपटाची कथा अशी. पृथ्वी तापते म्हणून आकाशात एक रसायन फवारतात. उपाय इतका लागू पडतो की जगच गोठते. उरलेली माणसे एका आगगाडीत. ती न थांबता वर्षाला एक पृथ्वीप्रदक्षिणा करते. पुढच्या डब्यांत बाग, शाळा, मेजवान्या. शेपटीच्या डब्यांत अंधार आणि खायला किड्यांची काळी वडी. तेथल्या एका माणसाच्या डोक्यावर बूट ठेवून मेसनबाई सर्वांना जागा पाळण्याचा उपदेश करतात. पायातली वहाण पायातच बरी, हे तत्त्वज्ञान आपल्याला काही नवे नाही.

चित्रकथेत शेपटीतून एकटाच माणूस निसटतो. बाँग यांनी सारी शेपटी उठवली. एकट्याची सुटका ही नुसती गोष्ट झाली. सर्वांनी उठायचे म्हटले की प्रश्न येतो, पुढे पोहोचून करायचे काय?

पुढारी कर्टिस आपली माणसे गमावत इंजिनापर्यंत जातो. मालक विल्फर्ड त्याला जेवायला बसवतो. सांगतो, गाडीत माणसे वाढली की असा उठाव हवाच असतो. तुमचे वृद्ध गिलियम आणि मी मिळूनच हे जमवले. आता इंजिन तू सांभाळ. मारहाणीला न भिणारा कर्टिस येथे मात्र डगमगतो. आमच्या चळवळीत हे नवे नाही.

मग जमिनीची फळी उचलली जाते. खाली यंत्राच्या पोटात शेपटीतून नेलेले मूल! एक भाग झिजला, नवा मिळत नाही, म्हणून त्या जागी पोराचे हात. ही कल्पना हवेतली नाही. इंग्लंडच्या सूतगिरण्यांत चालत्या यंत्राखाली सरपटून कापूस वेचायला मुलेच असत. आपल्याकडे १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना मनाई केली. म्हणजे सात पुरी झालेले पोर चालत होते, दिवसाला नऊ तास.

कर्टिस यंत्रात हात घालून मुलाला बाहेर काढतो. हात जातो, खुर्चीही जाते.

शेवट मला पटत नाही. गाडी रुळावरून उडते. बर्फात चालताना दिसतात ती फक्त दोन मुले. ज्यांच्यासाठी लढायचे तीच माणसे संपली, तर त्याला मी विजय म्हणणार नाही. पण नामगुंग नावाचा कुलपांचा कारागीर मला पटतो. बर्फात पुरलेले एक विमान दरवर्षी थोडे अधिक उघडे पडते, हे तो खिडकीतून पाहत आला होता. बाकीच्यांचे डोळे इंजिनाकडे. बाहेर बर्फ वितळतो आहे हे त्याने ताडले.

गाडी थांबली तर सगळे मराल, असे प्रत्येक मालक सांगतो. कधी ते खरेही असते. म्हणून लढ्याला निघताना आपल्यातला एक माणूस खिडकीशी बसवा, आणि तो काय सांगतो ते ऐका.